कानावरच्या करवंट्या

आंब्याचा सीझन सुरू झाला की आमच्याकडच्या माणसांना दुसरा विषय उरत नाही. मोहोर किती आला, तुडतुड्या किडीने किती नेला, वाशीला पेटी काय भावाने गेली. लग्नाच्या पंगतीत हेच आणि मयताच्या ओटीवरही हेच. यंदाही सुरू झालं आहे. काल संध्याकाळी दाराशी पेट्यांचा टेम्पो थांबला, पेंढ्याचा तो कोरडा, नाकात शिरणारा वास आला, आणि मला आंब्याच्या ऐवजी हेडफोन आठवले.

त्याला कारण माझी भाची ऋता. पुण्याहून सुट्टीला आली आहे आणि येताना कानात घालायचे दोन पांढरे दाणे घेऊन आली आहे. ते निवडायला तिला म्हणे महिना लागला. ओळख ना पाळख अशा शेकडो माणसांची मतं तिने वाचली. एकाने लिहिलं होतं, रंग छान आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, डबी सुरेख आहे. "मावशी, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही," असं ती मला अभिमानाने सांगत होती. मी विचारलं, "आणि आत काय ऐकणार आहेस?" तर म्हणाली, "काहीही गं. जे लागेल ते." काय शिजवायचं हे ठरलेलं नसताना महिनाभर पातेलं निवडत बसणारी ही पिढी. मला जे बोलायचं होतं ते मी चेहऱ्याने बोलून घेतलं.

मला काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट ऐकायची होती, तोडी रागातला गंधार.

तेव्हा मी रत्नागिरीत एका बँकेत कारकून होते आणि रोज सकाळच्या एसटीच्या गाडीने पावस गावाहून जात होते. मे महिन्यात विशारदची परीक्षा होती आणि माझ्या गाण्याच्या बाई आदल्या हिवाळ्यात अर्धांगाने आडव्या झाल्या होत्या. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. पंचक्रोशीत तोडी शिकवू शकेल असं ते एकच तोंड होतं. बाकीचे क्लासवाले पेटीवर पट्टी दाबून "हा तुमचा कोमल गंधार" म्हणून मोकळे होणारे. तोडीचा गंधार पेटीत नसतो. तो त्या पट्टीच्या खाली कुठेतरी राहतो. तो गळ्यातून गळ्यात जायचा असतो, आणि मला अजून तो पुरता सापडला नव्हता.

बाई वाटेवरच राहायच्या, गोळपला, रस्त्याच्या अगदी वर. पण आजारपणानंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना दार बंद केलं. मी दोनदा गेले, तर त्यांचा मुलगा अंगणाच्या दगडी गडग्याशीच उभा राहून म्हणाला, "आईला कुणी आलेलं चालत नाही. वाकडं तोंड दाखवायचं नाही म्हणते." म्हणते म्हणजे खुणेने. बाईंचा ताठा मला माहीत होता. शिकवतानासुद्धा त्या कुणाला बरं म्हणायच्या नाहीत. आजारात तरी कशाला नमतील?

माझ्याकडे त्यांची एक कॅसेट तेवढी होती. दिवाळीत, स्वयंपाकघरात बसून, माझ्याच टेपरेकॉर्डरवर त्यांनी ती भरून दिली होती. एक ओळ म्हणायची, मग "म्हण" असं सांगून तेवढीच जागा मोकळी सोडायची, मग पुढची ओळ. मागे कुकरची शिट्टी, कावळा, सुनेचं भांडी घासणं. घरी मला सासूबाई, दोन मुलं आणि विहिरीवरचा पंप, त्यामुळे ऐकायला वेळ मिळायचा तो फक्त गाडीत. आणि त्या गाडीत कॅसेट ऐकायची म्हणजे काय ते मी सांगते.

आंब्याच्या दिवसांतली सकाळची गाडी ही माणसांसाठी नसते. टपावर पेट्या, शिटांच्या मधल्या वाटेत पेट्या, कंडक्टरच्या शिटावर पेट्या, आणि उरलेल्या फटींत माणसं. खिडक्यांच्या काचा सतत थडथडतात. चढ आला की इंजिन घसा खरवडतं. आणि या सगळ्याच्या वर माणसं बोलतात, कारण न बोलता बसलं तर शेजाऱ्याला राग येतो. आमच्याकडे गप्प माणूस म्हणजे एकतर आजारी नाहीतर माजलेला. माझ्या पुढच्याच शिटावर बापू बसायचे, गावातले बागायतदार. बापूंना सकाळी घरातून निघताना जो भाव कळलेला असे तो ते थेट रत्नागिरीच्या वेशीवरच्या भाट्याच्या पुलापर्यंत प्रत्येक चढणाऱ्याला नव्याने सांगत. उतरणाऱ्यालाही सांगत.

वॉकमनबरोबर आलेले हेडफोन मी पहिल्या आठवड्यातच ओवाळून टाकले. डोक्यावर केसांच्या पिनेसारखी एक बारीक पट्टी आणि कानांवर नारिंगी स्पंज. त्यातून बाहेरचं सगळं आत यायचं आणि बाई तेवढ्या बाहेर राहायच्या. गिअर बदलला की ओळच्या ओळ गडप. आवाज वाढवला तर बाई किंचाळल्यासारख्या वाटायच्या, आणि बाई आयुष्यात कधी किंचाळल्या नव्हत्या. घामाने तो स्पंज विरघळायला लागला आणि बँकेत मॅनेजरने विचारलं, "तुमच्या कानाला काय लागलंय?"

मग मी दुकान गाठलं. रत्नागिरीच्या बाजारात तेव्हा इलेक्ट्रॉनिकची बरीच दुकानं उघडली होती, आणि सगळ्यांच्या मालकांना जगातला एकच शब्द येत होता. "मॅडम, बास बघा, बास." बास म्हणजे तो ढोलासारखा खालचा घुमारा. मी गेले त्या दुकानदाराने माझ्या कानांवर एक चकचकीत प्रकरण चढवलं आणि कुठलं तरी धाडधाड गाणं लावलं. माझी दाढ हलली. मी पर्समधून बाईंची कॅसेट काढून दिली आणि म्हटलं, "हे लावा." तो बिचारा कॅसेटकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या हातात सुका बोंबील दिला. लावली. तंबोरा ट्रकसारखा घुमायला लागला आणि त्याच्या चाकाखाली बाई. "आवाज कुठे आहे?" मी विचारलं. "आवाज काय मॅडम," तो म्हणाला, "बास तर आला ना!" मी कॅसेट काढून घेतली आणि नमस्कार न करता निघाले.

एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईहून माझा चुलतभाऊ अरुणदादा आला. दरवर्षी आंबे खायला येतो आणि येताना आमचं अज्ञान दूर करायला एक वस्तू घेऊन येतो. त्या वर्षी त्याने कानात खोचायचे हेडफोन आणले. "इंपोर्टेड आहेत. तुमच्याकडे मिळणार नाहीत." आमच्याकडे मिळत नव्हते हे खरं, आणि आमच्याकडच्या रस्त्यावर टिकतही नव्हते. प्रत्येक खड्ड्याला एक बोंड कानातून सुटून बापूंच्या टोपीवर पडायचं. मी दादाला सांगितलं तर म्हणाला, "तुझे कान लहान आहेत." दोष कानाचा. इंपोर्टेड वस्तूला दोष कसा असेल?

अरुणदादा, तो दुकानदार आणि आजची ऋता, तिघांत एक साम्य आहे. वस्तू कशाला हवी, हे तिघांपैकी कुणीही विचारलं नाही. आंब्याची पेटी घेताना आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा वरचा थर बाजूला करून खालचा बघतं. हेडफोन घेताना मात्र डबीवरचं चित्र बघायचं. खालचा थर म्हणजे आपलं गाणं. जे आपल्याला तोंडपाठ आहे, ज्यातला श्वासन्‌श्वास ठाऊक आहे, ते लावून बघायचं. त्यात काय हरवलं ते लगेच कळतं. एवढी साधी गोष्ट सांगायला मला अजूनपर्यंत एकही लायक माणूस मिळालेला नाही.

मला जे हवं होतं ते शेवटी एका लाउडस्पीकरवाल्याकडे सापडलं. लग्नाला, गणपतीला भोंगे भाड्याने देणारा माणूस. त्याच्या दुकानात वायरींच्या ढिगाखाली एक जुने, काळे, वजनदार हेडफोन पडले होते. नारळाच्या करवंट्यांएवढे गोळे, त्यांना रेग्झिनच्या गाद्या, कान पूर्ण आत जातील असे. "ते नका घेऊ वहिनी," तो म्हणाला, "त्यात मज्जा नाय. बास नाय." हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा आशा वाटली. मी कॅसेट लावली. समोर भर बाजार, रिक्षा, मासेवालीचं भांडण, आणि ते सगळं एकदम विहिरीच्या तळाशी गेलं. मग बाईंची बांगडी तंबोऱ्याला लागली. त्यांनी श्वास घेतला. षड्ज, ऋषभ, आणि मग तो गंधार, खाली, अजून खाली, जिथे मला कधी जायचं धाडस झालं नव्हतं तिथे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाउडस्पीकरवाला म्हणाला, "बघा, मी सांगत होतो, चांगला नाय."

त्या दिवसापासून गाडीत माझं राज्य सुरू झालं. चढायचं, खिडकीशी बसायचं, करवंट्या चढवायच्या, डोळे मिटायचे. मधूनच डोळे उघडले तर बापूंचं तोंड हलताना दिसे आणि त्यातून भाव बाहेर पडत नसे, याहून मोठं सुख मला त्या वर्षी मिळालं नाही. लोकांना मात्र ते बघवेना. त्या काळात कानाला वायर लावलेलं माणूस दिसलं की आमच्याकडे एकच अर्थ निघायचा, की हा क्रिकेट ऐकतो आहे. मग ती बाईमाणूस असली तरी. प्रत्येक थांब्याला कुणीतरी माझ्या खांद्याला टोचून विचारी, "स्कोअर काय?" पहिल्यांदा मी सांगून बघितलं की हे क्रिकेट नाही. "मग काय बातम्या?" म्हणून तोच माणूस बाजूला बसला. तेव्हापासून मी डोळे न उघडता एकच उत्तर द्यायला लागले, "सगळे बाद." हळूहळू टोचणं बंद झालं. गाडीला अक्कल आली, असं मला वाटलं.

गोळपच्या थांब्यावर गाडी फार वेळ उभी राहायची. बाईंच्या घराला लागूनच मोठी बाग होती आणि तिथल्या पेट्या टपावर चढायच्या. मला त्याचं काही नव्हतं. बाईंच्या घराकडे बघायला मला नको वाटायचं. बंद दार काय बघायचं? बाई आत पडलेल्या आणि माझ्या कानात बाई ठणठणीत, "म्हण" सांगणाऱ्या. मी डोळे आणखी घट्ट मिटून घ्यायची आणि त्या मोकळ्या जागेत ती ओळ मनातल्या मनात म्हणायची.

मनातल्या मनात, अशी माझी समजूत होती.

एका सकाळी तिथेच कुणीतरी खांद्याला हात लावला. "सगळे बाद," मी म्हटलं. हात हलेना. मी एक करवंटी ओढून काढली आणि डोळे उघडले. सुर्वे कंडक्टर उभे होते. त्यांचा या मार्गावर जन्म गेलेला. गाडीतून तिकिटांपेक्षा निरोपच जास्त पोचवायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुलगा मुंबईहून निघाला, कुणाकडे उद्या बारसं आहे, सगळं सुर्व्यांच्या तोंडून थांब्याथांब्याला वाटलं जायचं.

"स्कोअर नको गो बाय," ते म्हणाले. "बाईंचा निरोप हाय तुला."

"कुठल्या बाईंचा?"

"आता कुठल्या म्हणजे? तुझ्या गाण्याच्या. ती बघ वर बसलीत."

मी बघितलं. गडग्याच्या वर, ओटीवर, खांबाशी वेताची खुर्ची होती आणि तीत बाई. वाकडी बाजू खांबाकडे केलेली. बाजूला सून उभी.

"रोज बसतात," सुर्वे म्हणाले. "पेट्या चढायला लागल्यापासून. गाडीचा आवाज आला की सुनेला खुणावतात, बाहेर न्हे. तू म्हणतेस ना, ता ऐकायला."

"मी म्हणते? काय म्हणते?"

"ता मला काय ठावक? रडक्या चालीचा कायतरी."

"मोठ्याने?"

सुर्व्यांनी मागे बघितलं. मागच्या शिटावरची कोळीण म्हणाली, "हितपर्यंत येता."

माझ्या कानात त्या करवंट्या. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. बाईंनी "म्हण" म्हटलं की मी म्हणत होते, पूर्ण गळ्याने, भरलेल्या गाडीत, रोज. आणि या गाडीत, जिथे कुणाच्या घरी काल काय शिजलं हे चुलीवरून उतरायच्या आधी कळतं, तिथे हे मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. मला लाज वगैरे काही वाटली नाही. मी संतापले.

"कुणी बोलला का नाहीत मला?"

"बोलणार कसा?" बापू वळून म्हणाले. "काय विचारला तर म्हणतेस, सगळे बाद. आम्ही म्हटला, परीक्षा हाय तिची, म्हणू दे. डायवर तर हितं गाडी बंद करून ठेवतो. तुला काय कळणार!"

गाडी खरंच बंद होती. काचा थडथडत नव्हत्या. टपावर हमालांची पावलं वाजत होती, तेवढीच.

"निरोप काय आहे?" मी विचारलं.

सुर्व्यांनी तिकिटांची पेटी काखेत धरली, डावा हात पुढे केला, पंजा आडवा, आणि तो थोडासा खाली नेला. अगदी थोडासा. "असा करतात. रोज, एकाच जाग्यावर. सुनेला आधी वाटला, काय दुखता. मग तिच्या ध्यानात आला, तू गप झालीस की हात पण गप होतो. तिनं मला सांगितला, हा तिला सांगा, तिला कळेल. कळला काय?"

मला कळलं होतं. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसला की गळा वर चढतो. कानात बाईंचा गंधार खोल उतरत होता आणि माझा गळा मात्र पेटीच्या पट्टीवर जाऊन बसत होता. शेजारच्या माणसाला विकत घेतलेली वस्तू दाखवावी तसा मी तो रोज गोळपला दाखवत होते. बाई ओटीवर बसून तो ऐकत होत्या, आणि त्यांना ओरडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळप आलं की हेडफोन काढून मांडीवर ठेवायला लागले. वाटेत ऐकायचं, थांब्यावर म्हणायचं. सगळी गाडी समोर. हे काही रम्य दृश्य नव्हतं. टपावरून पेंढा डोक्यात पडे, कुणाचं तरी पोर रडे, कोळणीच्या टोपलीला वास, आणि मी षड्जावरून ऋषभावर, तिथून खाली जायच्या ऐवजी वर. बाई माझ्याकडे बघायच्या नाहीत. समोरच्या कलमांकडे बघायच्या आणि डावा हात खाली यायचा. पुन्हा म्हटलं, पुन्हा हात. एकदाही मान हलली नाही. धडधाकट असताना निदान "कान विकलेस का?" असं तरी विचारायच्या. त्या हाताचा मला इतका राग यायचा की एका सकाळी मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसले. गोळप आल्यावर बापू म्हणाले, "ऊठ गो, हितं ये, बाई वाट बघतात," आणि आपली जागा सोडून पेटीवर जाऊन बसले. जन्मात कुणासाठी न हललेला माणूस.

परीक्षेचं सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. पास झाले. परीक्षकांपैकी एक जण तोडी चालू असताना चहाच्या कपात बिस्किट बुडवत होता आणि ते तुटून आत पडल्यामुळे त्याचं सगळं लक्ष तिकडे होतं. दुसऱ्याने "छान" म्हटलं. हा शब्द ज्याला इतक्या सहज काढता येतो त्याचं मत मी धरत नाही.

मला सांगायची आहे ती परीक्षेला जाण्याआधीची शेवटची सकाळ. बागेतला माल संपत आला होता, पेट्या थोड्याच होत्या, म्हणजे वेळही थोडा होता. ड्रायव्हरने गाडी बंद केली. मी हेडफोन काढले. वर ओटीवर बाई बसलेल्या. मी षड्ज लावला. ऋषभ. मग मी काही केलं नाही, सोडून दिलं, आणि गळा आपला आपण खाली गेला, पट्टीच्या खाली, त्या जागी. तिथे जागा होती. मी तिथे थांबले. सगळी गाडी थांबलेली होती.

बाईंचा हात मांडीवर होता. तो हलला नाही. मी ओळ पुन्हा म्हटली. हात हलला नाही. मग बाईंनी सुनेकडे बघून आत जायची खूण केली. सुनेने त्यांना उठवलं, आणि पाय ओढत, मागे वळून न बघता, बाई आत गेल्या. दार लागलं.

"आज काय निरोप नाय?" सुर्व्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"कायच नाय?"

"काहीच नाही." आणि मला जे रडू फुटलं ते मला आवरेना. हेडफोन मांडीवर, पदर तोंडाला, आणि मी भर गाडीत हमसाहमशी रडत होते. इतकं सुख मला झेपत नव्हतं. सुर्व्यांनी हळूच घंटी ओढली. गाडी सुरू झाली, काचा थडथडायला लागल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत कुणी काही बोलेना.

उतारावर बापू वळले. सबंध उन्हाळाभर ते रोज हे सगळं ऐकत, बघत आले होते, आणि त्यांना काय समजलं होतं? ते माझ्याकडे मोठ्या कळवळ्याने बघत होते. "रडू नको गो," ते म्हणाले. "बाई उठून गेल्या म्हणून काय झाला? जमेल पुढच्या खेपेला." आणि त्यांनी पिशवीतून एक पिवळाधमक हापूस काढून माझ्या मांडीवर, त्या करवंट्यांच्या मध्ये ठेवला.

इतका ठार अडाणी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी काही समजावत बसले नाही. डोळे पुसले आणि तो आंबा तिथेच, सगळ्या गाडीदेखत, कोपरापर्यंत रस ओघळू देत खाऊन टाकला.